ओढ्याचा वाटा

आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी थोडीबहुत शेती आहे, आणि त्यांतील अनेकांच्या वावराच्या एका अंगाने एखादा ओढा किंवा नाला वाहतो. पावसाळ्यात तो चार दिवस गर्जतो, हिवाळा सरता सरता आटतो, आणि उन्हाळ्यात गुरे हाकण्याची वाट तेवढी मागे उरते. एवढ्याशा शेतीतून चार पैसे कसे मिळवावेत, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. शेजारच्या ओढ्याचे काय करावे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असून एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून पुरे होत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ शेतकीचा नाही. दसरा-दिवाळी आटोपली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. आणि त्यांच्या पाठोपाठ कित्येक मुलेही कारखान्याच्या वाटेस लागतात. ती परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते. ज्या घरची दोन-तीन एकर जमीन आठ महिने स्वस्थ पडून राहते, त्या घरावर हा प्रसंग प्रथम येतो. म्हणून शेतीचा हिशेब हा आमच्या मते शाळेच्या हजेरीपटाचाही हिशेब होय.

१. पाणी येते किती आणि जाते कोठे

बीड जिल्ह्याच्या अंगावरून बालाघाटची डोंगररांग गेली आहे. तिच्या उत्तरेकडील पाणी बिंदुसरा व सिंदफणा यांच्या वाटे गोदावरीस जाऊन मिळते. दक्षिणेकडील पाणी मांजरा नेते. ही नदी पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावते आणि लांबचा वळसा घेऊन अखेर तीही गोदावरीलाच मिळते. तात्पर्य, आमचा जिल्हा हा नद्यांच्या उगमाचा मुलूख आहे. येथील ओढे हेच त्या नद्यांचे बालपण होय.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षास सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर धरतात. हा आकडा लहान वाटतो, परंतु येथे थोडे गणित करावे. एक मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. त्या हिशेबाने ६५० मिलिमीटर पावसात एका एकरावर वर्षाकाठी सुमारे २६ लाख लिटर पाणी पडते. ज्या घरी उन्हाळ्यात टँकरच्या दोन घागरींसाठी भांडण होते, त्याच घरच्या रानावर पावसाळ्यात एवढी दौलत पडून गेलेली असते! ती जाते कोठे? काही ऊन नेते, काही पीक पिते, काही मातीसकट वाहून जाते आणि थोडीच जमिनीत मुरते.

मुरलेले पाणी कोठे साठते, हे समजून घेणे अवश्य आहे. आमची जमीन काळ्या कातळाची. वर माती, तिच्याखाली मुरूम व भेगाळलेला खडक, आणि त्याखाली अभंग कातळ, अशी तिची साधारण रचना असते. विहिरीस जे पाणी लागते ते बहुतेक मधल्या थरातले. ओढ्याचे पात्र व त्याचे काठ या थराशी जोडलेले असतात. पाणी जेथे सावकाश चालते तेथे ते या थरात उतरते, आणि जेथे धावते तेथे वरच्यावर निघून जाते. म्हणून काठच्या विहिरीचे आयुष्य ओढ्याच्या चालीवर अवलंबून असते.

२०१६ साली याचा पुरावा साऱ्या देशाने पाहिला. ओळीने आलेल्या अवर्षणांमुळे केज तालुक्याच्या सीमेवरील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, आणि त्या धरणावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. उगमाकडे पाणी थांबले नाही, म्हणजे खालच्या धरणातही पाणी राहत नाही.

याच्या उलट उदाहरणही आमच्या जिल्ह्यातच आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर १६ व्या शतकाच्या अखेरीस, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानीत बांधली गेली. जमिनीखालील झरे भुयारी पाटांनी एकत्र आणून, केवळ उताराच्या बळावर ते पाणी दूरच्या शेतांस पोहोचविण्याची योजना तीत आहे. यंत्र नाही, इंजीन नाही. तरीही कित्येक पिढ्यांनी त्या पाण्यावर शेते भिजविली. ज्यांनी ती बांधली त्यांनी पाण्याची चाल आधी ओळखली आणि मग कुदळ हाती घेतली, हा तिचा धडा होय.

२. जिवंत ओढा आणि मेलेला ओढा

जिवंत ओढ्याच्या काठी पाण्यालगत लव्हाळा व वाळा असतो; त्यामागे निर्गुडी व वाळुंज; त्याहून वर करंज, जांभूळ, उंबर; आणि शेताच्या कडेस दाट गवत. गवत वरून येणाऱ्या पाण्यातील माती गाळून घेते. झाडांची मुळे काठ धरून ठेवतात. सावलीमुळे डबकी लवकर आटत नाहीत; त्या डबक्यांत मासे, बेडूक व चतुर राहतात; काठावर खंड्या, बगळा व वेडा राघू येतात; आणि दाट झाडोऱ्यात मोर निवारा घेतो. मोरांसाठी आमच्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे स्वतंत्र अभयारण्यच आहे.

मेलेला ओढा ओळखणे त्याहूनही सोपे. नांगराचे तास काठाच्या धारेपर्यंत गेलेले असते. काठची झाडे सरपणास गेलेली असतात. वाळू व मुरूम उकरून नेलेला असतो. उरलेल्या जागेत वेडी बाभूळ, घाणेरी आणि बेशरम माजतात. मग एखाद्या रात्री मोठा पाऊस होतो आणि काठाचा एक मोठा लचका, वर उभ्या असलेल्या पिकासह, पाण्यात जातो. ज्याने दोन तासे अधिक मिळविण्यासाठी काठ नांगरला, त्याची चार तासे ओढा घेऊन जातो. ओढा सूड घेत नाही. फक्त त्याला आवर घालणारी मुळे तेथे राहिलेली नसतात.

येथे एक कायद्याची गोष्ट पालकांच्या ध्यानी आणून देणे योग्य वाटते. नदी, नाले व ओढे यांचे पात्र ही शासनाची मालमत्ता होय, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९६६ पासून नमूद आहे. तेव्हा पात्रात बांध सारून जमीन वाढविणे हे नुकसानीचे तर आहेच, शिवाय ते बेकायदाही आहे.

३. वाटा किती द्यावा

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, आमची मुळात तीन एकर जमीन. तीतून ओढ्यास देऊ काय आणि आम्ही खाऊ काय?” ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आकड्यांनीच द्यावयास हवे.

समजा, तीन एकरांचे एक शेत आहे आणि त्याची १०० मीटर लांबीची एक बाजू ओढ्याला लागून आहे. त्या बाजूने ६ मीटर रुंदीची पट्टी नांगराबाहेर ठेवली, तर ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६ गुंठे जमीन गेली. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. तेव्हा ओढ्याचा वाटा झाला विसावा हिस्सा, शेकडा पाच. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत दशमांशाची चाल परिचित आहे. ओढा त्याच्या निम्माच मागतो. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तर शेताची कड न कापता गरिबांसाठी व परक्यांसाठी राखण्याचा नियम घालून दिला आहे. आमच्या खेड्यांतही सुतार, लोहार, कुंभार यांस सुगीच्या वेळी बलुते देण्याची रीत होती. ते भीक म्हणून दिले जात नसे; वर्षभराच्या कामाचा तो मोबदला असे. ओढाही असाच एक बलुतेदार आहे. तो माती राखतो, विहीर भरतो आणि पिकाचे मित्र सांभाळतो. त्याचे बलुते बुडविले तर तो काम सोडून जातो, इतकेच.

शिवाय ही पट्टी अगदीच निष्फळ नसते. तिच्यावरील गवत कापून गुरांस घालता येते. बांबू, जांभूळ व करंजाच्या बिया यांचे चार पैसे होतात. वाळ्याच्या मुळ्यांसही गिऱ्हाईक आहे, मात्र काठ धरणारा वाळा कधीही उपटू नये.

४. कामाचा क्रम

पाण्याचे काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे करीत यावे. हे तत्त्व आमच्या शेजारच्या, आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी गावोगाव रुजविले. ते १९४८ साली भारतात आले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या सेवेत वेचला. त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या पाणलोट कार्यक्रमात गावास काही अटी आधी मान्य कराव्या लागत: श्रमदान, मोकाट चराईस बंदी आणि कुऱ्हाडबंदी. पैसा मागाहून येई, शिस्त आधी. त्याहीपूर्वी, १९१० साली, सॅम हिगिनबॉटम या अमेरिकन मिशनऱ्यांनी अलाहाबादेजवळ यमुनेच्या काठी जी शेतकी शाळा उघडली, तीही ओघळींनी फाटलेल्या निकस जमिनीवरच. ओघळींस बांध घालून ती जमीन त्यांनी लागवडीस आणली.

आमच्या तीन एकरांच्या शेतात हा क्रम येणेप्रमाणे लावता येईल. प्रथम शेतात उतारास आडवी पेरणी करावी व बांध दुरुस्त करावेत, म्हणजे ओढ्यापर्यंत येणारे पाणी मंदावेल. दुसऱ्याने, जेथे जेथे ओघळ पडली असेल तेथे दगडांचे लहान लहान अडसर रचावेत. तिसऱ्याने, ओढ्यालगतच्या पट्टीस गुरांपासून तीन वर्षे संरक्षण द्यावे. काटेरी झुडपांची वई पुरते. पहिल्या पावसाळ्यात पाण्यालगत वाळ्याचे ठोंब लावावेत, उतारावर करंज, जांभूळ व बांबू लावावेत, आणि शेताकडील कडेस मारवेल किंवा पवन्या गवत येऊ द्यावे. वेडी बाभूळ एकदम सारी न तोडता, जेथे नवे झाड लावावयाचे तेथलीच मुळासकट काढावी. नाहीतर काठ उघडा पडतो. पावसाळा संपता संपता, पाणी वाहते आहे तोच, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून गावाने मिळून वनराई बंधारा घालावा. या सर्व कामांत खर्च थोडा व श्रम अधिक आहेत. आणि श्रम ही एकच वस्तू आमच्या शेतकऱ्याकडे विपुल आहे.

पात्र यंत्राने खोल व रुंद करण्याची चाल हल्ली बरीच पडली आहे. साठलेला गाळ काढणे उपयुक्त असते यात संशय नाही, आणि तो गाळ हलक्या रानात पसरला तर जमीनही सुधारते. परंतु पात्र खोल करणे म्हणजे ओढा सुधारणे नव्हे. काठावर मुळे नसतील तर कापलेले काठ ढासळून पात्र पुन्हा भरते. आणि पाणी मुरविणारा मुरूमच खणून नेला तर पाणी दिसते पुष्कळ, मुरते थोडे.

५. बाजारात काय न्यावे

शेती व्यापारी करणे म्हणजे सारे रान एकाच रोकडीच्या पिकाखाली आणणे, असा समज रूढ आहे. उसाने आमच्या भागात पुष्कळांस भुलविले. पण ऊस वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर पाणी मागतो, म्हणजे आमच्या पावसाच्या तिप्पट. एवढे पाणी विहिरीतून उपसले म्हणजे ओढा आटतो, आणि ओढा आटला म्हणजे पुढच्या वर्षी ऊसही जळतो. उत्पन्नापेक्षा खर्च अधिक असलेला संसार जसा टिकत नाही, तसेच हे होय. व्यापारी पीक ते, की जे आपल्या पाण्यात येते आणि ज्यास बाजारात मोल आहे. आमच्या जिल्ह्यात अशी दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत.

पहिले सीताफळ. बालाघाटच्या मुरमाड उतारांवर हे झाड कोणी पाणी न घालताही वाढते आणि त्याचा पाला जनावरे खात नाहीत. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; म्हणजे या नावाचा मान कायद्याने आमच्या मुलखाचा झाला. एका एकरात पाच-पाच मीटरांवर सुमारे १६० झाडे बसतात. परंतु या फळाचे एक वैगुण्य आहे. तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते पिकून मऊ होते आणि शीतगृहात ठेवल्यास साल काळी पडते. म्हणून जो शेतकरी फळे ढिगाने विकतो तो नेहमी आडत्याच्या हाती सापडतो. तीच फळे आकाराप्रमाणे निवडून, खोक्यांत भरून, वेळेवर शहरात पाठविली, किंवा अनेकांनी मिळून गर काढून गोठविला, तर भाव ठरविताना आपल्यासही बोलता येते. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादकांच्या कंपनीची सोय झाली असून दहा शेतकरी एकत्र येऊन ती स्थापू शकतात.

येथे ओढ्याचा वाटा पुन्हा पुढे येतो. सीताफळाच्या फुलात स्त्रीभाग आधी तयार होतो व पराग मागाहून सुटतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलास पोहोचविणारा कोणी लागतो. हे काम मधमाशी करीत नाही. अगदी बारीक भुंगेरे करतात, आणि ते कुजलेल्या फळांत व ओलसर पालापाचोळ्यात वाढतात. जेथे काठची झाडी व पाचोळा जाळून टाकला जातो, तेथे हे चाकर नाहीसे होतात, फुले येऊन गळतात, आणि शेतकरी दोष देतो तो मात्र हवेला!

दुसरे उदाहरण रेशमाचे. गेवराई तालुक्यातील रुई हे गाव तुतीच्या लागवडीसाठी व रेशीमकोषांसाठी नावारूपास आले आहे. तुती एकदा लावली म्हणजे दहा-बारा वर्षे पाला देते. अंड्यातून निघालेला किडा सुमारे चार आठवड्यांत कोष विणतो, त्यामुळे वर्षातून अनेकदा हाती पैसा येतो. कापसाप्रमाणे वर्षभर वाट पाहावी लागत नाही. घरातील सर्वांना घरीच काम मिळते; ज्या कुटुंबास कारखान्याची वाट धरावी लागते, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. पण रेशमाचा किडा फार नाजूक. शेजारच्या शेतातील कीटकनाशकाचा फवारा वाऱ्याने तुतीवर आला तर सारी पाळी वाया जाते. ओढ्याकाठची दाट झाडी अशा फवाऱ्यास पुष्कळ अंशी अडविते. शिवाय जो तुती लावतो त्यास विषारी औषधे स्वतःच टाकून द्यावी लागतात, आणि त्याचा लाभ ओढ्यातील बेडकांस व माशांस आपोआप मिळतो.

याप्रमाणे आमच्या कल्पिलेल्या तीन एकरांपैकी एक एकर ज्वारी व तूर यांसाठी, म्हणजे घरच्या भाकरीसाठी, एक तुतीसाठी, एक सीताफळासाठी, आणि त्यातलेच सहा गुंठे ओढ्यासाठी ठेवता येतील. एक पीक बुडाले तर दुसरे तारील. शेवटची गोष्ट, वही. बी, खत, वाहतूक, हमाली, तोलाई, आणि घरच्या माणसांची मजुरीदेखील ज्या वहीत लिहिली जाते, तीच वही खरा नफा सांगते. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आनंदाने अंगावर घ्यावे.

६. अडचणी

अडचणी नाहीत असे म्हणणे लबाडीचे होईल. काठच्या झाडीत रानडुकरे निवारा घेतात व पिकाची नासाडी करतात. मोर पेरलेले दाणे टिपतो. झाडांच्या सावलीत पहिल्या दोन-चार तासांचे पीक कमी येते. सीताफळाच्या उत्पन्नास काही वर्षे थांबावे लागते, आणि तोवर मुकादमाची उचल दारात उभीच असते. सर्वांत मोठी अडचण ही, की ओढा एकट्याचा नसतो. पलीकडच्या काठचा शेजारी नांगर धारेपर्यंत नेत असेल, तर अलीकडच्याचे निम्मे श्रम वाया जातात.

म्हणून हे काम गावाने मिळून करावयाचे आहे, आणि तसे ते आमच्या जिल्ह्यात घडलेही आहे. अंबाजोगाई येथे १९८२ साली डॉ. द्वारकादास लोहिया यांनी स्थापिलेल्या मानवलोक या संस्थेने त्या भागातील खेड्यांत लोकांच्या सहभागाने जलसंधारणाची कामे उभी केली. परळी तालुक्यात गेल्या दशकात ग्लोबल विकास ट्रस्ट या संस्थेने नदी-नाल्यांचे पाणी अडविणे आणि शेतकऱ्यांस फळबागा व तुतीकडे वळविणे ही दोन्ही कामे जोडीने चालविली. पाणी व पैसा यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे या कामांवरून दिसून येते.

७. सुटीतील अभ्यास

विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत पुढील चार गोष्टी कराव्यात. (१) आपल्या शेतालगतच्या किंवा गावच्या ओढ्याची १०० मीटर लांबी पावलांनी मोजून तिचा नकाशा काढावा. काठ कोठे तुटला आहे, झाडे कोठे आहेत, ते त्यात दाखवावे. (२) काठावरील झाडे, गवते व पक्षी यांची वडीलधाऱ्या मंडळींस विचारून, गावात चालणाऱ्या नावांनी यादी करावी. पूर्वी असून आता नसलेल्यांची निराळी यादी करावी. (३) जवळच्या विहिरीतील पाण्याची पातळी दर आठवड्यास एकाच दिवशी दोरीने मोजून लिहावी. (४) घरच्या एका पिकाचा जमाखर्च पेरणीपासून विक्रीपर्यंत मांडावा. शाळा उघडल्यावर या वह्या एकमेकांच्या वह्यांशी ताडून पाहाव्यात. एकाच ओढ्याकाठच्या चार मुलांच्या वह्या एकत्र आल्या, म्हणजे त्या ओढ्याचा सबंध इतिहास हाती येईल, आणि चार घरच्या वडीलधाऱ्यांस एका बैठकीस बसण्यास निमित्तही मिळेल.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की मुलाने ही वही पुढे केली तर तिला शाळेचा खेळ समजून बाजूस सारू नये. येत्या पावसाळ्यापूर्वी ओढ्याच्या कडेने सहा मीटरांवर खुंट्या ठोकाव्यात, आणि नांगर तेथून वळवावा. विसावा हिस्सा ओढ्यास देऊन उरलेल्या एकोणीस हिश्श्यांवर ज्या घरची चूल बारा महिने पेटेल, त्या घरचे मूल दिवाळीनंतरही वर्गात आपल्या जागी बसलेले दिसेल.